फ्रीमाँटचे पुतळे: हात लावा, वर चढा, कपडे घाला

सिएटलच्या ऑरोरा ब्रिजच्या उत्तर टोकाला, पूल जिथे जमिनीला टेकतो त्या अंधाऱ्या सांदीत एक राक्षस बसलाय. छातीपासून वरचाच दिसतो, बाकीचा जमिनीत. १८ फूट उंच, खांद्यावर आलेले जटांसारखे केस, एक डोळा केसांखाली झाकलेला आणि दुसऱ्याच्या जागी गाडीच्या चाकाची चकचकीत व्हीलकॅप. एक पंजा पसरून जमिनीवर टेकवलाय आणि दुसऱ्याखाली फोक्सवॅगन बीटल चिरडलीय, वरच्या हायवेवरून जाताना उचलली आणि खाली ओढून आणली अशा थाटात. ती बीटल खरी आहे बरं का, शिल्पासाठी घडवलेली नाही, रस्त्यावर धावलेली गाडी आहे, कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेटची.

ह्याचं नाव फ्रीमाँट ट्रोल. आणि फ्रीमाँट म्हणजे सिएटल शहरातला कालव्याच्या उत्तर काठावरचा एक छोटा भाग, आरामात चालत फिरून होतो एवढाच. पण ह्या एवढ्याशा जागेत ट्रोल आहे, लेनिनचा पुतळा आहे, इमारतीला टेकवलेलं रॉकेट आहे, न येणाऱ्या ट्रेनची वाट बघणारी माणसं आहेत, वेलींनी मढवलेले डायनॉसॉर आहेत आणि पुलाच्या खिडकीतून निऑनचे केस सोडून बसलेली परीकथेतली लांब केसांची रपुंझेल आहे. सिएटलला आपली मराठी माणसं खूप आहेत, मायक्रोसॉफ्ट आणि अमेझॉनमुळे, आणि पाहुणे आले की सगळे आधी स्पेस नीडल आणि पाइक प्लेस मार्केट दाखवतात, ते दाखवायलाच पाहिजे, पण मला विचाराल तर एक आख्खी दुपार फ्रीमाँटसाठी काढून ठेवा. का ते सांगते, जरा सविस्तर सांगते कारण हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

ट्रोलपासूनच सुरू करू. ऑरोरा ब्रिज १९३२ ला झाला, उंचच्या उंच, आणि झालं असं की तोवर जी सगळी वाहतूक खालच्या फ्रीमाँट पुलावरून, इथल्या दुकानांसमोरून जायची ती वरच्यावर निघून जायला लागली. धंदा बसला. पुढची कितीतरी वर्षं हा भाग शहराने विसरल्यासारखा पडून होता, भाडी स्वस्त, म्हणून मग साठ-सत्तरच्या दशकात विद्यार्थी, हिप्पी, चित्रकार, शिल्पकार असे सगळे इथे राहायला आले. आणि मोठ्या पुलाखालची जी जागा होती ती म्हणजे निव्वळ उकिरडा, लोक कचरा आणून टाकायचे, रात्री तिथून जायची भीती वाटायची. तर फ्रीमाँट आर्ट्स कौन्सिल म्हणून इथल्या कलाकारांची संस्था आहे, त्यांनी ह्या जागेसाठी स्पर्धा ठेवली, काहीतरी करा आणि ही जागा सुधारा. जिंकली चौघांची टीम, स्टीव्ह बडानेस, विल मार्टिन, डॉना वॉल्टर आणि रॉस व्हाइटहेड. १९९० मध्ये त्यांनी लोखंडी सळया, तारेची जाळी आणि काँक्रीट असं वापरून हा पठ्ठ्या उभा केला. कल्पना स्कँडिनेव्हियन लोककथांमधली, पुलाखाली राहणारा आणि वरून जाणाऱ्यांना धरणारा राक्षस, आणि सिएटलच्या ह्या बाजूला नॉर्वे-स्वीडनहून आलेली पुष्कळ मंडळी पूर्वीपासून राहत होती त्यामुळे ती गोष्ट इथे कोणाला समजावून सांगायला लागली नाही.

मला ह्यातली जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती म्हणजे त्यांनी तिथे कुंपण घातलं नाही, लाइट लावून "स्वच्छता राखा" असा बोर्ड ठोकला नाही, जागा भीतीदायक होती ना, मग तिथे अजून एक भीतीदायक प्राणी आणून बसवला आणि त्यामुळे लोक तिथे यायला लागले! पोरं त्याच्या बोटांवरून चढतात, मनगटावरून खांद्यावर जातात, नाकाला लोंबकळतात. जवळून बघाल तर पंजाच्या वरचं काँक्रीट इतक्या वर्षांच्या चढण्या-घसरण्याने गुळगुळीत झालंय, आणि केसांच्या खाचा मात्र अजून खरखरीत, तळव्याला टोचतात अशा. सुरुवातीला बीटलच्या आत टाइम कॅप्सूल, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी वस्तू भरून ठेवलेली पेटी, ठेवली होती, त्यात एल्व्हिस प्रेस्लीचा प्लास्टरचा अर्धपुतळासुद्धा होता, तो चोरीला गेला, गाडीची मोडतोड झाली, मग गाडीत काँक्रीट भरून टाकलं. २००५ मध्ये पुलाखालच्या त्या रस्त्याचं नावच बदलून ट्रोल ॲव्हेन्यू केलं शहराने. दर वर्षी हॅलोविनला त्याचा वाढदिवस असल्यासारखं सगळे जमतात, ट्रोलोवीन म्हणतात त्याला.

माझ्या आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिला पहिल्यांदा ट्रोल दाखवला तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मागे सरून त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "ह्येका चपला कोण देता गो?" आरवलीचा वेतोबा ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नवससायास करून भल्यामोठ्या चामड्याच्या चपला आणून देतात आणि केळ्यांचे घड वाहतात. आईच्या डोक्यात तोच हिशोब, एवढा मोठा गडी वेशीवर, पुलाखाली बसलाय म्हणजे तो राखणदारच असणार. मी म्हटलं अगं ह्याला पाय कुठेत, तर म्हणे जमिनीत असतील. आणि मला ते इतकं पटलं ना! कारण तो खरंच राखणदार झालाय त्या जागेचा, ज्या कोपऱ्यात लोक जायला घाबरायचे तिथे आता सकाळपासून पोरंबाळं असतात.

ट्रोलपासून उतारावरून खाली कालव्याकडे आलात की एन ३४ स्ट्रीटवर, फ्रीमाँट पुलाच्या जवळच, वेटिंग फॉर द इंटरअर्बन आहे. खरं सांगू, ट्रोल प्रसिद्ध आहे पण माझं मन इथे अडकलंय. शिल्पकार रिचर्ड बायर, १९७८ चं काम, ॲल्युमिनियमचं ओतीव. इंटरअर्बन म्हणजे सिएटल ते एव्हरेट अशी धावणारी इलेक्ट्रिक ट्रेन होती, १९१० ला सुरू झाली, १९३९ ला बंद पडली. म्हणजे शिल्प बसवलं तेव्हाच ट्रेन बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली होती, आणि ही माणसं आजही तिची वाट बघत उभी आहेत, खांद्याला खांदा लावून, एक बाळ कडेवर, आणि पायांच्या मधून एक कुत्रा डोकावतोय. चेहरे काही सुंदर बिंदर नाहीत, जाडजूड नाकं, कोटाच्या ढोबळ घड्या, बस स्टॉपवर ऑफिस सुटल्यावर जशी माणसं असतात तशीच, कंटाळलेली पण एकमेकांना खेटून.

आता त्या कुत्र्याकडे नीट बघा. त्याला माणसाचं तोंड आहे, दाढीवाल्या माणसाचं! तो चेहरा आर्मेन स्टेपॅनियन ह्यांचा आहे असं इथे सगळे सांगतात. हे गृहस्थ फ्रीमाँटचे मानद महापौर होते आणि घरोघरचा कचरा वेगळा करून रिसायकल करायचं काम ह्या भागात त्यांनी फार आधी सुरू केलं होतं. शिल्पावरून त्यांची आणि बायरची काहीतरी वादावादी झाली आणि बायरने त्यांचा चेहरा कुत्र्याला लावून टाकला, अशी गोष्ट आहे. ती गोष्ट शिल्पाइतकीच टिकलीय आणि लोक मुद्दाम खाली वाकून तो चेहरा बघतात.

पण खरी मजा पुढे आहे. लोक ह्या पुतळ्यांना कपडे घालतात. कोणाचा वाढदिवस असला की टोप्या आणि फुगे, फुटबॉलची टीम जिंकली की जर्सी, कोणाचं लग्न ठरलं की नवरीची जाळीची ओढणी आणि हार, कोणी रिटायर होतंय, कोणाला घरी आणलंय हॉस्पिटलमधून, कुठल्या युद्धाविरुद्ध काही म्हणायचंय, सगळं ह्या पुतळ्यांच्या अंगावर येतं. कोणाची परवानगी घ्यायला लागत नाही. फॉर्म नाही, फी नाही. तुम्ही या, सजवा, फोटो काढा, आणि झालं की आपलं सामान आपण काढून न्या एवढीच अपेक्षा, तीही लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. शिल्पकाराने काम संपवून दिलं १९७८ ला पण ते शिल्प रोज नवीन होतं, सकाळी एका रूपात असतं आणि संध्याकाळी दुसऱ्या, आणि हे गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालू आहे.

आम्ही काही मित्रमैत्रिणींनी एकदा गुढीपाडव्याला त्यांना फेटे बांधले. सिएटलचा मार्च म्हणजे थंडी आणि बारीक पाऊस, शिल्पाच्या वर छप्पर आहे म्हणून बरं. पुण्याहून आणलेले तयार फेटे घेऊन गेलो होतो, ते ॲल्युमिनियमच्या डोक्यावर बसेचनात, घसरायचे, कारण धातू ओला आणि गार आणि डोकी आपल्या मापाची नाहीत. मग आमच्यातला एक कोल्हापूरचा मित्र आहे त्याने कापड सोडून सरळ प्रत्येकाच्या डोक्यावर नव्याने बांधायला घेतला, पीळ देत देत, शेमला मागे सोडला, एकेका फेट्याला चांगली दहा मिनिटं. पाठीमागून गाड्या जातायत, कोणी हॉर्न मारून अंगठा दाखवतंय, सायकलवाले थांबून विचारतायत. एक वयस्कर बाई कुत्रा फिरवत आल्या, त्यांनी विचारलं हा कुठला सण, आम्ही सांगितलं नवीन वर्ष, तर त्या म्हणाल्या की मी इथे पाच मिनिटांवर राहते आणि ह्या माणसांमुळे मला सगळ्या जगाचे सण कळतात. बाळालासुद्धा एक छोटं कुंची टाइप टोपडं घातलं आणि कुत्र्याच्या गळ्यात साखरगाठी! माझ्यासाठी परदेशातला तो सगळ्यात आपला वाटलेला पाडवा होता, एवढं मी मनापासून सांगते. मंडळात साजरा करतो तोही छानच असतो, पण हॉलमध्ये आपण आपल्यातच असतो, इथे रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या देखत.

जवळच त्याच रस्त्यावर लेट फॉर द इंटरअर्बन म्हणून अजून एक शिल्प आहे, २००८ चं, केव्हिन पेटेल ह्यांचं. जे. पी. पॅचेस आणि गर्ट्रूड ही इथल्या टीव्हीवरची विदूषकांची जोडी, १९५८ ते १९८१ त्यांचा मुलांचा कार्यक्रम चालायचा आणि सिएटलच्या दोन पिढ्या तो बघत मोठ्या झाल्या. ते दोघे इंटरअर्बनला उशीर झाल्यासारखे उभे आहेत. एका पुतळ्याला उत्तर म्हणून तीस वर्षांनी दुसरा पुतळा, हे मला फार आवडतं.

आता लेनिन. ह्याच्याबद्दल थोडं जास्त लिहायलाच पाहिजे कारण ह्याची गोष्ट मोठी आहे आणि सोपी नाहीये.

१६ फूट उंच, ब्राँझचा, एमिल वेन्कोव ह्या बल्गेरियात जन्मलेल्या स्लोवाक शिल्पकाराने घडवलेला. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात पोप्राद नावाच्या गावी १९८८ ला बसवला आणि वर्षभरातच तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली, पुतळा काढून टाकला. त्याच गावात लुईस कार्पेंटर नावाचा अमेरिकन माणूस इंग्रजी शिकवत होता, सिएटलजवळच्या इसाक्वाचा. त्याला तो पुतळा भंगारात आडवा पडलेला दिसला, आत एक बेघर माणूस राहत होता असं म्हणतात, आणि थोड्याच दिवसांत तो कापून ब्राँझच्या भावाने विकला जाणार होता. ह्याला ते बघवलं नाही. राजकारण बाजूला ठेवा, पण काम कसबी माणसाचं आहे, ते वितळवू नये, एवढंच त्याचं म्हणणं. १९९३ मध्ये त्याने तो १३,००० डॉलरला विकत घेतला, पुतळ्याचे तुकडे करून जहाजाने इकडे आणायचा खर्च धरून सगळं मिळून ४०,००० च्या आसपास गेले, आणि त्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं! आणि मग फेब्रुवारी १९९४ मध्ये कार अपघातात तो गेलाच. पुतळा उभा राहिलेला त्याने पाहिला नाही.

घरच्यांना तो पुतळा वितळवायला द्यावा असं वाटत होतं. म्हणून ते गेले फ्रीमाँटच्या पीटर बेव्हिसकडे, त्याची इथे धातू ओतायची फाउंड्री होती. आणि बेव्हिसने वितळवण्याऐवजी सुचवलं की गिऱ्हाईक मिळेपर्यंत आपण तो इथे फ्रीमाँटमध्ये उभा करू. १९९५ च्या जूनमध्ये उभा केला, पुढच्या वर्षी दोन ब्लॉक वर हलवला, आणि गिऱ्हाईक अजून मिळालं नाही. हा बेव्हिसही काय माणूस, कलाकाला नावाची चंदेरी रंगाची एक जुनी फेरीबोट होती सिएटलची, ती अलास्कात कोडियाकला किनाऱ्यावर मासळीचा कारखाना होऊन पडली होती, तर हा तिला तिथून काढून १९९८ मध्ये परत सिएटलला घेऊन आला. ती काही वाचली नाही, २०१५ ला भंगारात गेलीच. पण लोकांनी टाकून दिलेल्या अवाढव्य वस्तूंवर एवढा जीव लावणारी माणसं ह्या एका भागात एकत्र जमली होती म्हणून फ्रीमाँट असं झालं, हे माझं ठाम मत आहे.

लेनिनच्या पुतळ्याजवळ जाऊन मागून-बाजूने बघा, घाई करू नका. नेहमीचा लेनिन कसा असतो, हातात पुस्तक, टोपी, विचारवंत. हा तसा नाहीये. हा चालत पुढे येतोय आणि त्याच्या पाठीमागे ज्वाळा आहेत, बंदुका आहेत. म्हणजे सरकारी ऑर्डरचं काम करतानाच वेन्कोवने त्यात हिंसा कोरून ठेवली. बऱ्याच वेळा त्याचे हात लाल रंगाने रंगवलेले दिसतील, रक्ताच्या खुणा म्हणून, लोक रात्री येऊन रंगवतात, कोणी धुतं, परत कोणी रंगवतं. नाताळात त्याच्यावर लाइटिंग करतात, लाल तारा लावतात, जूनमध्ये प्राइडच्या, म्हणजे समलिंगी मंडळींच्या उत्सवाच्या वेळी त्याला ड्रेस घालतात.

ह्यावर भांडणं आहेत आणि ती असणारच. ज्यांची घरंदारं त्या राजवटीत उद्ध्वस्त झाली अशी पूर्व युरोपातून आलेली कुटुंबं सिएटलला राहतात, त्यांना ह्या चौकातून जाताना काय वाटत असेल ह्याचा विचार करायलाच हवा. २०१७ मध्ये देशभर पुतळे हटवायची चर्चा पेटली होती तेव्हा इथल्या महापौरांनीही हा हलवावा असं म्हटलं होतं, पण पुतळा खासगी मालकीचा, जागा खासगी, त्यामुळे शहराला तसं काही करता येत नाही. माझं मत विचाराल तर तो असावा. लाल हातांसकट असावा. तो तिथे पूजेसाठी उभा नाहीये, कोणी त्याला हार घालायला येत नाही, लोक त्याच्याशी वाद घालायला येतात, आणि तो वाद सगळ्यांना दिसेल असा रस्त्यावर चालू राहतो. पण ज्यांना तो नको आहे त्यांचं दुःख खरं आहे, आणि त्यांच्यापैकी कोणी माझ्यासमोर असतं तर मी जास्त ऐकलं असतं, कमी बोलले असते.

रॉकेट तिथून अगदी जवळ आहे. ५३ फुटी, एका दुकानाच्या कोपऱ्याला टेकवून उभं केलंय १९९४ मध्ये, आधी ते शहराच्या दुसऱ्या भागात लष्करी भंगार विकणाऱ्या दुकानाबाहेर होतं. ते क्षेपणास्त्र नाहीच मुळी, एका जुन्या लष्करी मालवाहू विमानाच्या शेपटीच्या भागापासून बनवलंय, पण पंख आणि टोक लावून असं सजवलंय की लहान मुलांना आत्ता उडेल असं वाटतं. त्याच्यावर ह्या भागाचं बोधवाक्य आहे, लॅटिनसारखं दिसणारं, अर्थ साधारण असा की विक्षिप्त असण्याचं स्वातंत्र्य. आणि चौकात एक दिशादर्शक खांब आहे, त्यावर पाट्या, ट्रोल इकडे, लेनिन तिकडे, रॉकेट इकडे, आणि त्याच खांबावर पॅरिसचं लूव्र किती लांब तेही. हा खांब म्हणजे विश्वाचं केंद्र. फ्रीमाँटवाल्यांनी तसं जाहीर केलंय, विश्वाचं केंद्र इथे नाही हे कोणी सिद्ध करून दाखवा असं त्यांचं म्हणणं, आणि १९९४ मध्ये काउंटी कौन्सिलने त्याला रीतसर मान्यताही दिली. सरकारी बैठकीत बसलेल्या माणसांनी ह्यावर सही केली, ह्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

फ्रीमाँट पूल विसरू नका. निळा-नारिंगी, १९१७ चा, मधून उघडणारा. पाण्यापासून जेमतेम ३० फूट उंच असल्यामुळे शिडाची बोट आली की उघडावा लागतो, दिवसातून सरासरी ३५ वेळा, जगात सगळ्यात जास्त उघडणाऱ्या पुलांमध्ये त्याची गणना होते. घंटा वाजते, दांडी खाली येते, सगळे थांबतात. तेव्हा फोन काढायच्या आधी मान वर करा, पुलाच्या बुरुजाच्या खिडकीत निऑनची रपुंझेल आहे, १९९५ पासून, रॉडमन मिलर ह्यांनी केलेली, पिवळे केस खिडकीतून खाली सोडलेले. संध्याकाळी फार छान दिसते. आणि कालव्याच्या काठाने चालत गेलात की वेलींचे दोन डायनॉसॉर, आई आणि पिल्लू, पॅसिफिक सायन्स सेंटरला नको झाले होते तेव्हा इथल्या लोकांनी आणले.

बघा, पुन्हा तेच. दुसऱ्यांना नको झालेला लेनिन, नको झालेलं रॉकेट, नको झालेले डायनॉसॉर, बंद पडलेली ट्रेन, कचऱ्याची जागा.

आणि जूनमध्ये, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सुमारास, सॉल्स्टिस परेड असते, १९८९ पासून, आर्ट्स कौन्सिलच करते. नियम ऐका: छापील अक्षरं नाहीत, लोगो नाहीत, इंजिनवर चालणारं वाहन नाही, जिवंत प्राणी नाहीत. म्हणजे सगळे देखावे माणसांनी ढकलायचे, ओढायचे, खांद्यावर घ्यायचे, आणि कुठल्याही कंपनीचं, पुढाऱ्याचं, दुकानाचं नाव नाही! चौकाचौकात फ्लेक्स बघत वाढलेल्या माझ्यासारखीला पहिल्यांदा ही परेड बघितल्यावर काय वाटलं असेल कल्पना करा, रंग, ढोल, कागदी लगद्याची भलीमोठी डोकी, उंच काठ्यांवर चालणारी माणसं, आणि कुठेही एक अक्षर नाही. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत एक वर्ष, फक्त एक वर्ष, हा नियम लावून बघावा असं मला फार वाटतं. परेडच्या आधी अंग रंगवून निघणारे विवस्त्र सायकलस्वार असतात हे मात्र आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, माझ्या बाबांनी शांतपणे रंगकाम किती बारीक केलंय त्याचं कौतुक केलं, पण सगळ्यांचेच बाबा तसे नसतात.

ह्या सगळ्यावर एक सावलीही आहे. १९९८ मध्ये अडोबी ह्या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस पुलाशेजारी आलं, मग गुगल आलं, टॅब्लो ही अजून एक सॉफ्टवेअर कंपनी आली. भाडी वाढली. ज्या स्वस्त भाड्यांमुळे शिल्पकार इथे आले ती भाडी गेली, स्टुडिओ गेले, त्यातले बरेचसे कलाकारही गेले. मी स्वतः त्याच इंडस्ट्रीत काम करते, आमच्या पगारांनी ही जागा महाग झाली हे मला दिसतं आणि ते टोचतं. शिल्पं राहिली, पण पुढचा ट्रोल करायला लागणारी चार माणसं आता ह्या भागात भाडं भरू शकतील का? मला नाही वाटत. म्हणून आर्ट्स कौन्सिलला पैसे द्या, परेडच्या आधी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन कागद भिजवायला, बांबू बांधायला मदत करा, त्यांना हात नेहमी लागतातच. आमचा सहा-सात जणांचा ग्रुप जातो, आमच्याकडे निदान लेझीम आणि ढोल वाजवता येणारी माणसं आहेत.

जायचं असेल तर लाइट रेल तिथे जात नाही, डाउनटाउनहून ४० किंवा ६२ नंबरची बस घ्या. रविवारी संडे मार्केट भरतं, तेव्हा गर्दी खूप पण जुन्या वस्तू बघायला मजा येते, पार्किंग मात्र विसरा. ट्रोलकडे सकाळी लवकर जा, नाहीतर फोटोसाठी रांग. ट्रोलपर्यंत चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांना आधी वर ट्रोलपाशी उतरवा आणि मग उतारावरून खाली आणा.

आणि इंटरअर्बनच्या मंडळींना काही घालायचं मनात असेल तर शर्ट-कुर्ते नेऊ नका, ते इतके खेटून उभे आहेत की बाह्या चढत नाहीत. शाली, उपरणी, ओढण्या, माळा, टोप्या हे चालतं. सेफ्टी पिना भरपूर न्या, पावसाळी दिवस असेल तर पुसायला जुना टॉवेल न्या, कुत्र्याला विसरू नका, लोक आधी त्यालाच बघतात. आणि काळोख व्हायच्या आत सगळं काढून पिशवीत भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचातरी वाढदिवस असतो.